पिंपांना लाकडाची कडी का?

जुन्या शिडाच्या जहाजांच्या प्रतिकृती मी करतो. त्या बघताना बहुतेक जण पिंपांपाशी थांबतात आणि विचारतात, "यांना काळ्या लोखंडी पट्ट्या का नाहीत? सिनेमात तर असतात." तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही पाहिलेलं जहाज १५८८ साली इंग्लंडवर चाल करून गेलेल्या स्पॅनिश आरमारातलं. त्या काळात समुद्रावर जाणाऱ्या बहुतेक पिंपांना लाकडाचीच कडी, म्हणजे फळ्या आवळून धरणारी गोल वेढणी, असत. लोखंड परवडत नाही म्हणून केलेली ही तडजोड, असा अनेकांचा समज असतो. मला तो त्या कारागिरांवर अन्याय वाटतो.

हेझल, विलो, चेस्टनट ही झाडं जमिनीलगत तोडली की बुंध्यातून सरळ, लांब फोक फुटतात. काही वर्षांनी ते कापायचे, उभे चिरायचे आणि साल बाहेर ठेवून वाकवायचे. टोकं एकमेकांवर आणून विलोच्या ओल्या काडीनं घट्ट बांधली की कडं तयार. अशी अनेक कडी पिंपाच्या दोन्ही टोकांकडे एकमेकांना चिकटून बसवत, मधला फुगवटा तेवढा मोकळा ठेवत. एखादं तुटलं तरी शेजारची धरून ठेवत. धक्क्याच्या दगडांवरून पिंप लोटत नेताना झिजायची तीही कडीच, आतल्या फळ्यांना ओरखडा उठत नसे. शिवाय परक्या किनाऱ्यावर कडं मोडलं, तर जहाजावरच्या पिंपकारागिराला जवळच्या रानात नवं सापडण्याची आशा होती. लोखंडाचं तसं नाही.

पिंपात खिळा नसतो, सरसही नसतो. ओकचा ओंडका करवतीनं न कापता रेषेतून फोडून फळ्या काढायच्या, म्हणजे तंतू अखंड राहतात आणि पाणी झिरपत नाही. प्रत्येक फळी मध्ये रुंद, टोकांना निमुळती, कडा किंचित तिरक्या तासलेल्या. त्या गोलात उभ्या करून आत छोटा जाळ पेटवायचा आणि लाकूड मऊ झालं की आवळायच्या. बैलगाडीच्या चाकावर लोहार धाव तापवून चढवतो आणि गार होताना ती आवळली जाते. पिंपाचं कडं वेगळं: ते हातोड्यानं ठोकत ठोकत टोकाकडून फुगवट्याकडे सरकवायचं, जितकं पुढे तितकं घट्ट. सैल झालं की पुन्हा ठोकायचं. फुगवट्यामुळे भरलेलं जड पिंपही जमिनीला थोड्याच जागी टेकतं, म्हणून एकटा माणूस ते हवं तिकडे वळवू शकतो.

पण हे सगळं लाकूड मुरलेलं, म्हणजे नीट वाळवलेलं, असेल तरच. ओल्या लाकडाची फळी पुढे वाळते, आकसते आणि सांधे उघडतात. एप्रिल १५८७ मध्ये इंग्रज कप्तान फ्रान्सिस ड्रेकनं स्पेनच्या काडिझ बंदरावर धाड घातली, हे बहुतेकांना माहीत असतं. त्यानंतर तो पोर्तुगालच्या नैर्ऋत्य टोकाला, केप सेंट व्हिन्सेंटपाशी दबा धरून बसला आणि किनाऱ्यानं चाललेली छोटी मालवाहू गलबतं पकडून जाळत सुटला. त्यांत पिंपांच्या फळ्या आणि कडी होती. त्यानं स्वतः लंडनला कळवलेला आकडा सोळा-सतराशे टनांचा आहे. जाळलेल्या जहाजांपेक्षा हे नुकसान मला मोठं वाटतं, कारण मुरलेलं लाकूड घाईनं तयार करता येत नाही. पुढच्या वर्षी आरमार निघालं ते ओल्या लाकडाच्या पिंपांसह. लिस्बनला झालेल्या दिरंगाईनं अन्न आधीच शिळं झालेलं, त्यात पिंपं गळू लागली. लिस्बन सोडून महिनाही झाला नव्हता, आणि नासलेलं अन्न व अपुरं पाणी घेऊन ते उत्तर स्पेनमधल्या कोरुन्याच्या बंदरात शिरलं.

मग लोखंड आलं कशाला? पाण्याची पिंपं जहाजाच्या पोटात, अगदी तळाशी, वजनासाठी भरलेल्या गोट्यांत रुतवून ठेवत. तिथे कायम ओल. लाकडाचं कडं कुजे, त्याला कीड लागे, आणि वर थरावर थर असल्यामुळे खालचं पिंप महिनोन्महिने कुणाच्या नजरेस पडत नसे. सफरी लांबल्या, लोखंडी पट्टी स्वस्त होत गेली, तसतशी सतराव्या-अठराव्या शतकात लोखंडी कडी वाढत गेली. लाकडी कडी एकदम हद्दपार झाली नाहीत, कोरड्या मालाच्या पिंपांवर ती पुढेही दीर्घकाळ दिसतात. लोखंडी कड्याला पॅसिफिकच्या बेटांवर तर चलनासारखी किंमत होती. तिथे धातू मिळत नसे, त्यामुळे कड्याचा तुकडा घासून पाती बनवत. १८१५ च्या सुमारास ब्रिटिश नौदलात पाण्यासाठी लोखंडी टाक्या येऊ लागल्या आणि पिंपांचं ते काम हळूहळू गेलं.

तुम्ही स्वतः ट्रफाल्गरच्या आरमारी लढाईच्या (१८०५) काळातलं जहाज करायला घेतलंत, तर पाण्याच्या पिंपांना काळ्या पट्ट्या खुशाल रंगवा. तोफांच्या दारूची पिंपं मात्र वेगळी ठेवा. त्यांना हेझलची कडी असत, जोडीला तांब्याची. लोखंडावर लोखंड घासून एक ठिणगी उडाली असती, तर सगळं जहाजच गेलं असतं.