मोहफुलं आणि ॲसिटोन

२९ मार्च, रविवार. कुरखेडा तालुका

पहाटेच आईसोबत मोहाखाली गेलो. परवा पालापाचोळा जाळून जागा साफ केली होती, त्या काळ्या जमिनीवर फिकट पिवळ्या फुलांचा सडा पडला होता. दोन टोपले भरले. बोटं अजून चिकट आहेत, धुऊनही वास जात नाही.

शेजारचा दहावीतला पोरगा वेचता वेचता म्हणाला, "सर, मोहाची दारूच होते का फक्त?"

त्याला वाइझमान सांगितला, आंबवून दारूशिवायही काही काढणारा केमिस्ट. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीत केमिस्ट व्हायचं माझं स्वप्न होतं, तेव्हापासून हा माणूस माझ्या मनात आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाला तोफांच्या कॉर्डाइटसाठी, म्हणजे गोळा उडवणाऱ्या स्फोटकासाठी, ॲसिटोन हवं होतं; पदार्थ विरघळवणारा एक द्रव. गनकॉटन, म्हणजे आम्लात मुरवलेला कापूसच, नायट्रोग्लिसरीन या स्फोटक द्रवाबरोबर एकजीव करायला ते लागतं. तोवर ते लाकूड तापवून काढत, ढीगभर लाकडातून थोडंसं. मँचेस्टर विद्यापीठात शिकवणाऱ्या खाइम वाइझमाननं हवेशिवाय जगणारा एक जिवाणू शोधला. तो मक्याचा स्टार्च आंबवतो आणि साधारण ३ भाग ॲसिटोन, ६ भाग ब्युटेनॉल, १ भाग अल्कोहोल देतो. १९१६ ते १९१९ तो नौदलाच्या प्रयोगशाळांचा संचालक होता.

मला भारी वाटतं ते पुढचं. परीक्षानळीत जमलेलं काम दारूच्या भट्टीतल्या मोठाल्या पिपांत उतरवणं. दुसरा एखादा जंतू शिरला की अख्खं पीप नासलं! आमच्याकडे मोह भिजवणाऱ्या बायका मडकं किती जपतात, ते मी लहानपणापासून पाहिलंय. त्यामुळे त्या माणसाची धास्ती मला कळते. तिकडे तर शिपाई तोफगोळ्यांची वाट पाहत होते.

१९१७ मध्ये मका कमी पडला, तेव्हा सरकारनं शाळकरी पोरांकडून हॉर्स चेस्टनट नावाच्या झाडाच्या बिया वेचून घेतल्या. स्टार्चसाठी.

"कशासाठी वेचून राह्यलो, हे सांगितलं होतं का त्याईले?"

"नाही. गुपित होतं."

पोरगा हातातल्या फुलाकडे पाहत राहिला. मलाही पुढं काही सुचेना. वाइझमानबद्दलचा माझा आदर तसूभर कमी झालेला नाही, पण हा प्रश्न मला इतक्या वर्षांत कधी पडला नव्हता.

आईनं फुलं अंगणात पसरली आहेत. दुपारपर्यंत सुरकुततील.