आमची वाटचाल : परवानगीपत्रापासून हक्कांच्या नोंदवहीपर्यंत

आमच्या कार्यालयाची सुरुवात झाली ती हौशी नाट्यसंस्थांना लेखकाचं परवानगीपत्र मिळवून देण्यापासून. स्पर्धेत उतरायचं तर दोन कागद लागतात: लेखकाची लेखी परवानगी आणि रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र. एक मिळालं की दुसऱ्याचं काम झालं असं संस्थांना वाटतं. पण मंडळ फक्त मजकूर तपासतं. नाटक करण्याचा हक्क देणं त्याच्या हातात नाही, तो लेखकाकडून किंवा त्याच्या वारसांकडूनच घ्यावा लागतो.

परवानगीपत्र म्हणजे 'प्रयोगास हरकत नाही' अशी एक ओळ नव्हे. किती प्रयोग, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, तिकीट लावणार का, दर प्रयोगाचं मानधन किती आणि ते पडदा उघडण्याआधी द्यायचं की नंतर, चित्रीकरण चालेल का, हे सगळं आम्ही त्यात लिहून घेतो. काटछाटीचा मुद्दा तर कधीच सोडत नाही. वेळेत बसवण्यासाठी दिग्दर्शक एखादा प्रवेश उडवतो, शेवट बदलतो, आणि लेखकाला ते कळतं थेट प्रयोगाला. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे हक्क विकल्यानंतरही, आपल्या नावलौकिकाला बाध येईल अशा मोडतोडीला लेखक हरकत घेऊ शकतो.

आजही सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच: 'आम्ही फुकट दाखवतोय, मग परवानगी कशाला?' हौशी मंडळाने पैसे न घेता किंवा धार्मिक संस्थेच्या मदतीसाठी केलेल्या प्रयोगाला कलम ५२ मध्ये सूट आहे, त्यामुळे गणेशोत्सवातलं विनामूल्य नाटक त्यात बसतं. पण नाममात्र तिकीट लावलं की ही विनामूल्य प्रयोगाची सूट संपते. शिवाय ती फक्त रंगमंचावरच्या प्रयोगापुरती आहे. तोच प्रयोग कॅमेऱ्यात टिपून यूट्यूबवर चढवायला ती पुरत नाही.

पुढे रूपांतरित नाटकांचं काम आलं आणि एका पत्राची दोन पत्रं झाली. अनुवादकाला स्वतःच्या अनुवादावर स्वतंत्र हक्क असतो. शेक्सपिअर सगळ्यांना खुला आहे. आगरकरांचं हॅम्लेटचं मराठी रूपही खुलं आहे, कारण आगरकर १८९५ मध्ये गेले. शिरवाडकरांनी मराठीत आणलेला मॅकबेथ मात्र खुला नाही. शिरवाडकर १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०५९ च्या अखेरीपर्यंत चालेल. मूळ लेखक परदेशी आणि हयात असेल तर आधी त्याची परवानगी, मग अनुवादकाची. 'त्यांना कुठं कळणार आहे' या भरवशावर बसवलेलं नाटक चाललं की अडचणीत येतं, कारण चाललेल्या नाटकाची बातमी होते.

खरी मेहनत लागते ती करारांवर. आमच्याकडे येणाऱ्या जुन्या करारांत शंभराच्या स्टँप पेपरवर एकच वाक्य असतं: 'सर्व हक्क कायमस्वरूपी निर्मात्यास दिले आहेत.' लेखकाला वाटतं आपण सगळं घालवलं, निर्मात्याला वाटतं आपल्याला सगळं मिळालं. कायदा दोघांच्या समजुतीवर चालत नाही. हक्कांचं हस्तांतरण लेखी आणि सहीचं हवं, कलाकृती कोणती, कोणते हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशात आणि कोणत्या मोबदल्यात हे त्यात हवं. कालावधी लिहिलाच नसेल तर तो पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसेल, तर तो लेखकाकडे परत जातो. २१ जून २०१२ ला लागू झालेल्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट केली: करार करताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हतं किंवा व्यवहारात आलेलं नव्हतं, ते नाव घेऊन लिहिल्याशिवाय दिलं गेलं असं मानता येत नाही. २०१२ आधीच्या करारांत मात्र प्रत्येक शब्द सुटा करून वाचावा लागतो.

आम्ही नाटकाच्या करारात जे कलम घालतो ते साधारण असं:

'लेखक या संहितेचे मराठी भाषेतील रंगमंचीय प्रयोगांचे हक्क निर्मात्यास तीन वर्षांसाठी, महाराष्ट्र व गोवा राज्यांपुरते देत आहे. चित्रपट, मालिका, वेबमालिका, ध्वनिपुस्तक, भाषांतर आणि प्रयोगाचे चित्रीकरण यांचे हक्क लेखकाकडेच राहतील. सलग सहा महिने एकही प्रयोग न झाल्यास दिलेले हक्क लेखकाकडे परत येतील.'

या तीन वाक्यांवर निर्माते घासाघीस करतात, आणि ती करार होण्यापूर्वी व्हावी हेच आम्हाला हवं असतं. शेवटचं वाक्य आम्ही सहसा सोडत नाही. ते नसेल तर नाटक बंद पडून वर्षं लोटली तरी दुसऱ्या संस्थेला ते करता येत नाही, कारण कागदावर हक्क अजून जुन्या निर्मात्याकडे असतात. चांगलं नाटक असं कपाटात कुजताना पाहवत नाही.

गाण्यांचं काम हाती घेतल्यावर लक्षात आलं की इथे गुंता चौपट आहे. तुकोबांचा अभंग घ्या. शब्द सर्वांचे. चाल आजच्या संगीतकाराची असेल तर त्याची, ध्वनिमुद्रण कंपनीचं, आणि त्यात गाणाऱ्याला गायक म्हणून आणखी वेगळा हक्क. भावगीतांचा कार्यक्रम सभागृहात करायचा तर शब्द आणि चाल यांसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेचा परवाना बघावा लागतो, तयार ट्रॅक लावणार असाल तर त्या ध्वनिमुद्रणाच्या मालकाचाही. कराओके ट्रॅक विकत घेतला म्हणजे तिकीट लावून गाण्याची परवानगी मिळाली असं होत नाही. आणि सभागृहाचा परवाना यूट्यूबला चालत नाही. चित्राबरोबर गाणं जोडायची परवानगी निराळी, ती गाण्याच्या हक्कधारकाकडूनच घ्यायची.

लग्नाचं विचाराल तर वरातीत आणि लग्नसोहळ्यात गाणी वाजवायला कायद्यात सूट आहे. ती कुठवर ताणायची याचा वाद गोव्यात पेटला, आणि ही सूट ताणून धरणारं तिथल्या सरकारचं परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केलं. फोटोग्राफरांना आमचं सांगणं असतं की मांडवात वाजलेलं गाणं वेगळं आणि तुम्ही एडिटिंगमध्ये घातलेलं गाणं वेगळं.

यूट्यूबवरच्या तक्रारी आता रोजच्या झाल्या आहेत. लोक क्लेम आणि स्ट्राइक एकच समजून घाबरतात. क्लेममध्ये व्हिडिओ बहुधा तसाच राहतो आणि जाहिरातीचे पैसे दावेदाराकडे जातात. त्याला हरकत घेतली की दावेदाराला उत्तर द्यायला तीस दिवस मिळतात. स्ट्राइकमध्ये व्हिडिओ उतरवला जातो, नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक आले तर चॅनेलच जाऊ शकतं. हरकतीच्या रकान्यात 'मूळ गायकाला श्रेय दिलं आहे' असं लिहून लोक मोकळे होतात आणि हरकत फेटाळली जाते. श्रेय म्हणजे परवानगी नाही. 'तीस सेकंद चालतात' असाही समज पक्का आहे. कायद्यात सेकंदांचा असा कोणताही आकडा नाही. समीक्षेसाठी जेवढं लागतं तेवढं घेतलं, आणि समीक्षा खरोखर केली असेल, तर बचाव टिकतो.

नोंदणीबद्दल थोडक्यात. संहिता लिहिल्याक्षणी कॉपीराइट मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. पण भांडण झालं तर तारीख दाखवणारा कागद कामाला येतो. साहित्यकृतीसाठी शुल्क ५०० रुपये आहे आणि अर्जानंतर हरकतींसाठी तीस दिवस थांबावं लागतं. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने पाठवलेलं बंद पाकीट हा फार तर दुबळा पुरावा. नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो, शीर्षकावरही नसतो. शीर्षकाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केलं आहे.

सध्या आमचा सर्वाधिक वेळ जातो तो वारसांच्या फायलींवर. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची. अत्रे आणि अण्णाभाऊ साठे दोघेही १९६९ मध्ये गेले, म्हणून दोघांची हयातीत छापलेली पुस्तकं ३१ डिसेंबर २०२९ पर्यंत हक्काखाली आहेत. लेखन मृत्यूनंतर प्रसिद्ध झालं असेल तर मोजणी प्रकाशनापासून होते. बहिणाबाई १९५१ मध्ये गेल्या, कविता १९५२ मध्ये छापल्या गेल्या, म्हणून मुदत २०११ ऐवजी २०१२ ला संपली. मधल्या काळात हक्क मुलाबाळांत वाटला जातो. एका मुलाने दिलेली परवानगी दुसऱ्या मुलीने अडवली की प्रकाशक दोघांचाही नाद सोडतो. यासाठी आम्ही घरच्यांकडून मृत्यूचा दाखला, असलं तर मृत्युपत्र, सगळ्या वारसांची यादी आणि एकाच व्यक्तीच्या नावे सगळ्यांच्या सहीचं कुलमुखत्यारपत्र घेतो. मग नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाचं, नाटकाचं, गाण्याचं एकेक पान पडतं: कोणता हक्क कोणाला दिला, केव्हा संपतो, मानधन कोणत्या खात्यावर जातं. दर डिसेंबरात ही वही आम्ही पहिल्या पानापासून वाचतो, आणि पुढच्या वर्षात ज्यांचे करार संपणार त्या घरांना पत्रं धाडतो.