‘प’ महिनाभर बंद

परवा दुपारी कार्डाच्या कोऱ्या कागदावर पाण्याचा हात फिरवला आणि कागदाची मधोमध कमान झाली. ब्रश बाजूला ठेवून मी बघत बसले. हळूहळू, कुणी आळस द्यावा तसा तो उठत होता. यात गूढ काही नाही. पाणी प्यायलं की कागदातले तंतू फुगतात, आणि लांबीपेक्षा जाडीत जास्त फुगतात, म्हणून कागद एकाच बाजूनं वळतो. त्या वळणावरून तंतू कसे पडलेत ते कळतं, आणि कार्डाची घडी त्यांच्या दिशेनंच घालायची. आडवी घातली की जाड कागद घडीवर तडकतो. चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा जाड कागद घेतला तर एवढं नखरेल वागत नाही, पण मग बघत बसायलाही काही उरत नाही.

मला कार्डावर फूलच काढता येतं. सूर्यास्त, पक्षी, होड्या वगैरे दुसऱ्यांनी काढाव्यात. फुलाचं बरं असतं, पाकळी थोडी वाकडी गेली तर ती वाऱ्यानं वाकडी झालेली असते.

त्यातही एकाच माध्यमात मला रमता येत नाही. सगळं थोडं थोडं लागतं. आधी पांढऱ्या मेणखडूनं पाकळ्यांच्या शिरा काढून घ्यायच्या. पांढऱ्यावर पांढरं, काहीच दिसत नाही, अंदाजानं हात चालवायचा. मग वरून पातळ जलरंग सोडला की मेणावर रंग धरत नाही आणि त्या सगळ्या शिरा एकदम उमटतात. हे मी असंख्य वेळा केलेलं आहे आणि प्रत्येक वेळी शेजारी कुणी असतं तर दाखवलं असतं असं वाटतं. रंगाची चकाकी जाता जाता त्यावर जाडं मीठ भुरभुरवलं की खडे आजूबाजूचा ओलावा ओढून घेतात आणि वाळल्यावर झटकले की खाली फिकट चांदण्या राहतात. मग टिश्यूपेपरचे चुरगळलेले तुकडे, देठाला भरतकामाचा दोरा, आणि पानं जुन्या छापील कागदाची. परवाची पानं गणिताच्या एका फाटक्या पुस्तकातून कापली. एका पानावर ‘म्हणून क्ष बरोबर’ एवढंच आलं आणि पुढचं कात्रीत गेलं. ते पान मी मुद्दाम वर लावलं.

आणि मग सुकवलेलं फूल.

सुकवलेली फुलं म्हटलं की माझी आत्या. तिच्याकडे उशीएवढा जाड शब्दकोश होता आणि तो शब्द बघण्यासाठी आहे हे तिला मान्य नव्हतं. दव सुकल्यावर फूल खुडायचं, टीपकागदाच्या दोन तुकड्यांत ठेवायचं, शब्दकोशात घालायचं, वर इस्त्री ठेवायची. गरम नव्हे, नुसती वजनाला. मी शाळेतून काहीतरी अवघड शब्द घेऊन यायचे आणि शब्दकोशाकडे हात नेला की आतून आवाज यायचा, “प नको गं, प महिनाभर बंद आहे!” मग मी अर्थ अंदाजानं लिहायचे. ‘परिपाठ’, ‘पर्यवसान’, ‘पाखंड’ या शब्दांशी माझं आजही जरा दुरून नातं आहे. उलट ‘ढ’ आणि ‘ण’ मला पाठ. तिथं पानंच इतकी कमी की फूल मावायचं नाही.

आत्याचे नियम ठाम होते. चपटी, एका पदराची फुलं घ्यायची. गच्च भरलेली फुलं आतून ओली राहतात आणि बुरशी धरते. लाल फूल तपकिरीकडे झुकणार हे धरून चालायचं. पिवळं सहसा दगा देत नाही. आणि मधूनच उघडून बघायचं नाही. हा शेवटचा नियम माझ्यासाठी होता.

पुढे कधीतरी मेरी डेलनी या बाईंबद्दल वाचलं आणि आत्याची फार आठवण झाली. बाईंचा जन्म १७०० सालचा. नवरा वारल्यानंतर काही वर्षांनी, १७७२ मध्ये, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, त्यांनी कात्री हातात घेतली आणि रंगीत कागदाचे बारीक तुकडे काळ्या पार्श्वभूमीवर चिकटवून फुलं करायला सुरुवात केली. नुसती शोभेची नव्हेत. समोर खरं फूल ठेवून, पुंकेसर मोजून, एकेका फुलाला शेकडो तुकडे, क्वचित मध्येच एखादं खरं वाळलेलं पान. एक हजार करायची होती. १७८२ च्या सुमाराला डोळे गेले तोवर ९८५ झाली होती. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. उरलेल्या पंधरांचा विचार माझ्या मनातून जात नाही. कुठली फुलं राहिली असतील?

माझं एक कार्ड मात्र एका दुपारीही पुरं होत नाही, कारण निम्मा वेळ काय लावायचं नाही हे ठरवण्यात जातो. चमकी नाही. ती कार्डावर कमी आणि पुढचा महिनाभर भुवयांवर जास्त दिसते. मधोमध फूल नाही. फोमची पट्टी लावून वर उचललेल्या पाकळ्या तर अजिबात नाहीत. टेबलावर छान दिसतात, पण टपालातून जाताना चेपून पोचतात.

मग उरतो आतला भाग. बाहेर एवढा खटाटोप केलेला आणि आत लिहायला एक वाक्य सुचत नाही. यात नवल नाही म्हणा. नाताळची छापील कार्डं मुळात लिहिणं टाळण्यासाठीच निघाली. लंडनच्या हेन्री कोल या सरकारी अधिकाऱ्याला नाताळात इतक्या पत्रांना उत्तरं लिहायची होती की १८४३ मध्ये त्यानं जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं, त्याच्या हजारेक प्रती छापून हातानं रंगवून घेतल्या. शुभेच्छा छापलेल्या, वर ज्याला पाठवायचं त्याच्या नावाला जागा, खाली आपल्या. सुटला. त्यानं निदान वेळ तरी वाचवला. मी दोन ओळी टाळायला पाकळ्यांच्या शिरा काढत बसते.

हे कार्ड एका मैत्रिणीसाठी आहे. वाढदिवस नाही, काही नाही. आमचं भांडणही झालेलं नाही. झालं असतं तर कुणीतरी माफी मागून मोकळं झालं असतं. नुसतं बोलणं कमी कमी होत गेलं आणि आता फोन करायचा तर आधी कारण शोधावं लागतं. शेवटी आत ‘उगाच’ एवढंच लिहिलं आणि खाली नाव.

तिचा पत्ता माझ्याकडे आहे तो जुना. अजून तिथंच असेल किंवा नसेल. पाठीमागे माझा पत्ता घालायचा की नाही, ते ठरत नाहीये. घातला तर कार्ड परत येऊ शकतं. नाही घातला, तर पोचलं असं धरून चालता येईल.