अल्बम आणि बिस्किटांचा डबा

टपालाची तिकिटं जमवणारा माणूस गेला की तेराव्यानंतर घरात दोन मतं तयार होतात. थोरल्याला वाटतं, यात लाखो रुपये असणार. धाकटा म्हणतो, रद्दीत घाला की आता, कोण सांभाळणार! पहिल्या मतामुळे अल्बम लोखंडी कपाटात कुलूपबंद होतात आणि पुढची दहा वर्षं कसर त्यांची देखभाल करते. दुसऱ्या मतामुळे ते थेट तराजूवर चढतात. तिसरं मत वहिनीचं असतं आणि तेच शहाणपणाचं: ‘आधी बघा तरी, आहे काय त्यात.’

पण बघायचं म्हणजे पुसायचं, सोलायचं, नीट लावायचं असं नाही. वारसाच्या हातून तिकिटांचं जे नुकसान होतं, ते बहुतेक पहिल्या महिन्यातच होतं, आणि तेही प्रेमापोटी. कुणी पाकिटांवरची तिकिटं कात्रीने कापतो. कुणी सुटलेलं तिकीट फेविकॉलने परत बसवतो, कुणी फाटक्या पाकिटाला चिकटपट्टी लावतो. एखादा हौशी तर सगळं लॅमिनेट करून आणतो. लॅमिनेट केलेलं तिकीट म्हणजे तिकिटाचं छायाचित्रच. त्याला परतीची वाट नाही.

म्हणून पहिलं काम मोबाइलने करायचं. अल्बमना क्रमांक द्या, पानांना क्रमांक द्या, खिडकीच्या उजेडात प्रत्येक पानाचा फोटो घ्या. क्रमांक चिठ्ठीवर लिहा, पानावर पेनने नको. फोटो काढताना तिकीट हलवायचं नाही, जागाही बदलायची नाही. ज्यांनी तिकिटं जमवली त्या अण्णांनी ते त्याच चौकटीत का लावलं होतं, हे आज कळत नसलं तरी त्या क्रमातच अर्धी माहिती असते. शेजारी पेन्सिलीने लिहिलेला बारीकसा आकडा कॅटलॉगचा, म्हणजे तिकिटांच्या छापील दरसूचीतला, क्रमांक असू शकतो, किंवा ‘अदलाबदलीला ठेवले’ अशी खूणही.

आपल्या सोलापूरची हवा या बाबतीत आपल्या बाजूची आहे. मुंबईच्या किंवा कोकणातल्या तिकिटांवर दमटपणाने तांबूस ठिपके पडतात. एकदा पडले की ते आत मुरतात, आणि ब्लीच वगैरे लावलं तर कागदच जातो. आपल्याकडे हवा कोरडी, त्यामुळे पन्नास वर्षं जुनं तिकीटही बऱ्याचदा स्वच्छ निघतं. आपला शत्रू ऊन. पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यात डिंक सुकून आकसतो आणि तिकीट नळीसारखं वळतं. ते बोटाने सरळ करायला गेलात तर कडक भाकरीसारखं मोडतं. ते पावसाळ्यापर्यंत तसंच राहू द्या, हवेत ओल आली की आपोआप सैल होतं, मग दोन गुळगुळीत कागदांत ठेवून वर हलकं वजन द्यायचं. मात्र त्याच सप्टेंबरच्या ओलीत न वापरलेल्या, डिंकवाल्या तिकिटांचे अल्बम एकावर एक आडवे रचलेले असतील तर तिकिटं पानाला चिकटतात. अल्बम नेहमी पुस्तकासारखे उभे ठेवायचे, खालच्या मजल्यावर, भिंतीपासून जरा दूर. डांबरगोळ्या नकोत, त्यांच्या वाफेने काही प्लास्टिक मऊ पडतं. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी पानं चाळून हवा द्या.

नव्वदच्या दशकातले ते चिकट पानांचे, वर प्लास्टिकची पातळ चादर असलेले फोटो अल्बम दिसले तर मात्र वाट बघू नका. त्यातला गोंद पिवळा पडून तिकिटाच्या पाठीत उतरतो. सहज निघतील तेवढी तिकिटं चपट्या टोकाच्या चिमट्याने काढा. अडलेली आहेत तिथेच ठेवून पान बाजूला काढा.

आता वर्गवारी. जाणकार माणूस अल्बमपासून सुरुवात करत नाही, तो विचारतो, ‘सुटी पाकिटं कुठंयत?’ प्रत्येक संग्राहकाकडे एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा असतो. त्यात त्यांनी ‘नंतर बघू’ म्हणून टाकलेली जुनी पाकिटं, कार्डं, व्यापारी पत्रं असतात. अल्बम ही त्यांची दर्शनी खोली, पाहुण्यांना दाखवायची. डबा म्हणजे अडगळ. आणि बाजाराचा न्याय असा उफराटा, की दर्शनी खोलीतला माल पुष्कळदा स्वस्त आणि अडगळीतला मोलाचा.

कारण साधं आहे. अल्बममधली रंगीत पानं ज्या तिकिटांनी भरतात, ती मुळात संग्राहकांसाठीच छापलेली असतात. साठ-सत्तरच्या दशकात अजमान, अजमानच्याच ताब्यातलं मनामा, फुजैरा, उम्म अल-कुवैन अशा आखाती अमिरातींच्या नावांनी फुलपाखरं, रेल्वेइंजिनं, युरोपातली चित्रं अशी ढिगाने तिकिटं निघाली. पाठीवर डिंक पूर्ण शाबूत आणि कोपऱ्यात सुबक अर्धगोल शिक्का. म्हणजे ती पत्रावर कधी गेलीच नाहीत, छापखान्यातच शिक्का मारून पुड्यांतून विकली गेली. हंगेरीची मग्यार, पोलंडची पोल्स्का यांच्याही पुड्या शाळेबाहेरच्या दुकानात मिळायच्या. मुलांना ती खूप आवडायची, आजही आवडतील. पण किंमत विचारू नये.

आपल्याकडच्या तिकिटांतही तेच. पोस्टखात्याच्या माहितीपत्रकावर किती तिकिटं छापली तो आकडा दिलेला असतो. तो लाखांत असला आणि त्या वर्षी गल्लोगल्ली हौशी लोक पूर्ण शीट घेऊन ठेवत असले, तर दुर्मीळता येणार कुठून? सत्तरनंतरच्या फर्स्ट डे कव्हरांचे, म्हणजे तिकीट निघालं त्याच दिवशीच्या शिक्क्याच्या पाकिटांचे, गठ्ठे व्यापारी हाताळतसुद्धा नाहीत, नुसती कड बघून सांगतात. २००६ चं चंदनाच्या वासाचं तिकीट घरोघरी जपून ठेवलेलं आहे. ते दुर्मीळ न होण्याचं कारणही तेच.

डब्यातली पाकिटं मात्र कुणी जपायची म्हणून बनवली नव्हती. १५ नोव्हेंबर १९७१ पासून बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांसाठी पत्रांवर पाच पैशांचं जादा तिकीट लावणं सक्तीचं झालं, ते मार्च १९७३ अखेरपर्यंत. सुरुवातीला वेगळी तिकिटं तयार नव्हती, म्हणून कुटुंबनियोजनाच्या पाच पैशांच्या तिकिटावर ‘रेफ्युजी रिलीफ’ असं छापून काम भागवलं. नाशिकच्या सरकारी छापखान्याचा छापा सर्वत्र सापडतो, पण काही ठिकाणी हे शब्द स्थानिक पातळीवर छापले गेले आणि त्यांची अक्षरं वेगळी आहेत. पाकिटावर तारखेच्या शिक्क्यासह असा स्थानिक छापा सापडला, तर ते तिकीट पाकिटावरच शोभतं. कापून काढलं की राहतो पाच पैशांचा तुकडा.

सोलापूरच्या डब्यात आणखी काय बघायचं? शिक्के. इंग्रजी शिक्क्यांवर ‘शोलापूर’ असं जुनं स्पेलिंग, गाडीतच पत्रं निवडणाऱ्या रेल्वे मेल सर्व्हिसचे शिक्के, दुसऱ्या महायुद्धातली ‘तपासनिसाने उघडले’ अशा अर्थाची सेन्सॉरची पट्टी. गिरणीच्या छापील पाकिटावर एखादं तिकीट बारीक भोकांनी टोचलेलं दिसेल. ते खराब नाही. आपली तिकिटं चोरून विकली जाऊ नयेत म्हणून व्यापारी कंपन्या आपली आद्याक्षरं अशी टोचून घेत, आणि त्यांचाही वेगळा संग्राहकवर्ग आहे.

तुळजापूर-नळदुर्गकडची सोयरीक असलेल्या घरांत निजामाची तिकिटं हमखास निघतात. सोलापूर इंग्रजांच्या मुलखात आणि तासाभरावरचं तुळजापूर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात. निजामाचं टपाल १८६९ पासून स्वतःची तिकिटं काढत होतं, पण ती संस्थानाच्या हद्दीतच चालत. म्हणजे तुळजापूरहून लातूरला गेलेल्या पत्रावर निजामाचं तिकीट आणि सोलापूरला आलेल्या पत्रावर ब्रिटिश हिंदुस्थानचं. १९३१ च्या मालिकेत एक आण्यावर चारमिनार आहेच, पण आठ आण्यांवर अजिंठ्याच्या लेण्याचं दार आणि रुपयाच्या तिकिटावर दौलताबाद! ही सुटी तिकिटं स्वस्त असतात, पण गावाचा शिक्का स्वच्छ वाचता येणारं अख्खं पाकीट असेल तर गोष्ट वेगळी. ग्वाल्हेरचं मात्र उलट. त्या संस्थानाचा इंग्रजांच्या टपालखात्याशी करार होता, म्हणून ब्रिटिश तिकिटावरच ‘ग्वालियर’ असं नागरीत छापलेलं दिसेल आणि ते संस्थानाबाहेरही चाले.

ज्या पाकिटांवर खरंच काही नाही, साधी अलीकडची तिकिटं आहेत, त्यांना पाण्यात सोडायला हरकत नाही. तीन-चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावात टबभर पाणी यासाठी मागणं धाडसाचं, पण पसरट ताटलीभर कोमट पाणी पुरतं. तिकिटाभोवती बोटभर कागद ठेवून कापा, चित्र वर ठेवून तरंगू द्या. पंधरा-वीस मिनिटांत तिकीट आपणहून कागदावरून सरकतं. नाही सरकलं तर आणखी थांबा, ओढू नका, कारण ओढलं की पाठ सोलली जाते. सुटलं की स्वच्छ पाण्यातून एकदा फिरवायचं, नाहीतर उरलेला डिंक त्याला टिपकागदाला चिकटवतो. पालथं ठेवून सुकवा आणि रात्रभर जाड पुस्तकाखाली दाबा. लाल-हिरव्या पाकिटांचे तुकडे वेगळ्या पाण्यात, रंग उतरतो. व्हिक्टोरिया-एडवर्डच्या काळातली काही ब्रिटिश हिरवी-जांभळी तिकिटं भिजवूच नका, त्यांचा स्वतःचाच रंग पाण्यात जातो. परदेशातली हल्लीची स्टिकरसारखी तिकिटं पाण्याने सुटत नाहीत, ती कागदासकट ठेवायची. आणि डिंक असलेल्या कोऱ्या तिकिटाला पाणी दाखवणं म्हणजे अर्ध्याहून जास्त किंमत धुऊन टाकणं.

मग उरतो तो एक प्रश्न, जो प्रत्येक घरात विचारला जातो: गांधीजींची तिकिटं आहेत का? १५ ऑगस्ट १९४८ ला चार तिकिटं निघाली, दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये. स्वित्झर्लंडमध्ये कुर्व्हॉझिए कंपनीने छापलेली, हिंदी आणि उर्दूत ‘बापू’ लिहिलेली. पैकी दहा रुपयांचं तेव्हाही सामान्य माणसाला परवडणारं नव्हतं, आणि म्हणूनच त्याची नक्कलही सर्वांत जास्त. घरी करता येण्यासारख्या दोन तपासण्या आहेत. दोन सेंटिमीटरमध्ये कडेचे दात मोजायचे, ते साडेअकरा भरले पाहिजेत. आणि दसपट भिंगाखाली रंगीत ठिपक्यांची जाळी, वर्तमानपत्रातल्या फोटोसारखी, दिसली तर नमस्कार करून बाजूला ठेवायचं. दोन्ही पार पडलं तरी ‘खरं’ म्हणायचं नाही, ‘तज्ज्ञाला दाखवण्याजोगं’ म्हणायचं. या चार तिकिटांचा संच भावंडांत एकेक वाटून घेण्याची कल्पना भावनिक दृष्ट्या सुंदर आहे. पण चार घरांत चार गांधीजी गेले की संच संपला, आणि दहा रुपयांचं कुणाला यावरून बोलचाल बंद होण्याची सोय झाली.

विकायचं ठरलंच तर कॅटलॉगचा आकडा खिशात ठेवून जाऊ नका. तो व्यापाऱ्याच्या विक्रीचा, उत्तम प्रतीच्या मालाचा भाव असतो. खरेदीत त्याचा काही अंशच मिळतो आणि सर्वसामान्य मालाला दहावा हिस्साही मिळाला तर पुष्कळ. यात फसवणूक असतेच असं नाही. हजार तिकिटं घेणाऱ्याला त्यातली नऊशे वर्षानुवर्षं सांभाळत बसावी लागतात. मात्र ‘फक्त ही चार पानं द्या, बाकी राहू दे’ असं कुणी म्हणालं तर कपाट बंद करायचं. मलई गेल्यावर उरलेल्या ताकाला कुणी विचारत नाही. एक तर सगळं एकाला द्या, नाहीतर आधी तिऱ्हाईताकडून चांगलं निवडून घ्या. पुण्या-मुंबईच्या दोन-तीन व्यापाऱ्यांना तेच फोटो दाखवून तुलना करता येते. तिथे मूळ अल्बम घेऊन धावायची गरज नाही. लिलावात द्यायचं तर दलाली, विमा आणि न विकलेला माल परत येण्याचा खर्च आधी लिहून घ्या.

शाळेला देण्याचा उदारपणाही जरा जपून. अख्खा अल्बम शाळेत गेला की मुख्याध्यापकांच्या कपाटात जातो आणि चावी हरवते. मुलाला अल्बम नकोच असतो. त्याला हवी असतात दोनशे-तीनशे सुटी तिकिटं, एक चिमटा आणि घाण करायची परवानगी. हेल्वेशिया म्हणजे स्वित्झर्लंड, सुओमी म्हणजे फिनलंड, आणि ज्याच्यावर देशाचं नावच नाही, नुसतं राजाराणीचं डोकं, ते ब्रिटन, एवढं शोधण्यात त्याच्या दोन सुट्ट्या जातील. आखाती फुलपाखरांचं खरं गिऱ्हाईक हेच.

स्वतःसाठी काय ठेवायचं? बाजार ज्याला विचारत नाही ते. चीनमध्ये रुग्णसेवा केलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचे. त्यांचं भारतीय तिकीट १९९३ चं, पण चीनने त्याआधीच, १९८२ मध्ये, त्यांच्यावर तिकिटं काढली होती. दोन्ही देशांची तिकिटं एका पानावर आणि खाली अण्णांच्या अक्षरातली टीप, एवढं एक पान पुरेसं असतं. विकायला गेलात तर त्याचे चहाचे पैसे सुटतील की नाही शंका आहे.

आणि शेवटी एका पुडीत उरतात कोरी, अलीकडची, एक-एक, पाच-पाच रुपयांची तिकिटं, ज्यांना ना संग्राहक विचारतो ना व्यापारी. त्यांचा उपयोग पोस्टखात्याने मूळातच ठरवून दिलेला आहे. वीस ग्रॅमपर्यंतच्या साध्या पत्राला पाच रुपये. पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात एक-एक रुपयाची पाच लावा आणि बार्शीच्या आत्याला खुशाली कळवा. आत लिहायला विसरू नका, की पाकीट फेकू नका, तिकिटं कापू नका, तसंच डब्यात ठेवा.