२० एप्रिलची नोंद

नेब्रास्काच्या सँडहिल्स भागात मी एका कर सल्लागाराकडे काम करते. जून २०२०मध्ये आम्ही कुणालाच ऑफिसात घेत नव्हतो. लोक दारासमोर गाडी लावायचे आणि मी मास्क लावून खिडकीपाशी जायचे. अमेरिकेच्या कृषी खात्याने कोरोनात नुकसान झालेल्यांसाठी १६ अब्ज डॉलरची थेट मदत जाहीर केली होती. खात्याचं इथलं ऑफिस फोनवरच काम करत होतं, त्यामुळे ईमेल नसलेले म्हातारे रँचवाले अर्जासाठी आमच्याकडे यायचे.

त्या दिवशी एक आजोबा-आजी आले. ११८ गाई. आजोबांनी शर्टाच्या खिशातून छोटी वही काढून माझ्या हातात दिली. प्रत्येक वासराची एक ओळ : जन्मतारीख, कानातल्या बिल्ल्याचा नंबर, आईचा नंबर. मेलेल्यांवर बारीक काट. अक्षर आजींचं.

नियम असा होता : १५ जानेवारी ते १५ एप्रिल या काळात विकलेल्या, सहाशे पौंडांवरच्या वासरामागे १३९ डॉलर. त्यानंतर गोठ्यात असलेल्या जनावरामागे फक्त ३३, मग ते पुढे कितीलाही विकलेलं असो.

यांनी गेल्या वर्षीची ६२ वासरं विकली होती २० एप्रिलला.

खरं तर त्यांचा नंबर १३ एप्रिलच्या लिलावात होता. साथीमुळे तो लिलाव रद्द झाला. आठवडाभर वासरांना वरचा चारा घातला, तोवर मांस कारखान्यांमध्ये साथ शिरली आणि भाव आणखी पडला. म्हणजे ज्याचं जास्त नुकसान झालं त्यालाच मदत कमी. त्या ६२ वासरांपुरता हिशेब मी तिथेच केला : ८६१८ डॉलरऐवजी २०४६. बाजार थांबला तरी माल थांबत नाही, हे मी घरातून शिकले आहे. त्याच महिन्यात निफाडला वडिलांची द्राक्षं बागेत तयार उभी होती आणि व्यापारी फिरकत नव्हता. मला फार राग आला. तारखेची रेघ ओढणाऱ्याने एकदा तरी गुरांचा बाजार बंद पडलेला पाहायला हवा होता.

अर्जाला पावती जोडावी लागत नव्हती. सही करून आकडे सांगायचे, पुढे तपासणी झाली तर कागद दाखवायचे. मी त्यांना तेही सांगितलं. आजोबांनी वहीतल्या ओळीवर बोट ठेवलं.

“लिलाव वीसला झाला. वीस लिही.”

आजी काही बोलल्या नाहीत, फक्त पेन पुढे केलं. मी वीस लिहिलं. ते गेल्यावर बराच वेळ मला दुसरी फाइल उघडवेना.

सप्टेंबरमध्ये मदतीचा दुसरा टप्पा आला. पैदाशीच्या गाई त्यातून वगळल्या होत्या, पण बाकीच्या जनावरांना डोईमागे ५५ डॉलर होते. मोजणीसाठी १६ एप्रिल ते ३१ ऑगस्टमधला कुठलाही एक दिवस आपण निवडायचा. मी तो नियम दोनदा वाचला. १६ एप्रिलला ती ६२ वासरं त्यांच्याच कुंपणात होती.

मी लगेच फोन लावला. आजींनी उचलला.

“ती वही आहे ना अजून?” मी विचारलं. “एप्रिलची पानं वाचून दाखवा. सावकाश, एकेक ओळ.”