पाटीवर अक्षर येण्याआधी

आपल्या चर्चच्या बालवाडीतील शिक्षणाचा दर्जा कसा होता, असे मला कोणी विचारले, तर मी प्रथम हे सांगेन की तेथे वर्षाचा बराचसा काळ आम्हाला अक्षर लिहायला लावलेच नाही. सत्तरच्या दशकाच्या प्रारंभी उत्तर वसईत ही गोष्ट पालकांच्या पचनी पडणे सोपे नव्हते. मूल कोरी पाटी घेऊन घरी येते, मग बाई शिकवतात तरी काय, अशी कुरबूर रविवारच्या मिस्सेनंतर, म्हणजे उपासनेनंतर, चर्चच्या आवारात चाले आणि प्रमुख धर्मगुरूंच्या कानावरही जाई. फादरांनी बाईंना कधी घाई केली नाही, हे त्यांचे मोठेपण मी आजही मानते.

आपल्या मोठ्या बाई कोसबाडला बालसेविकेचे, म्हणजे बालवाडीच्या शिक्षिकेचे, प्रशिक्षण घेऊन आल्या होत्या. बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला. पुढे १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या आणि काही वर्षांनी ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यातल्या बालवाडीला परवडणारी नाहीत, म्हणून परिसरातल्या वस्तूंतूनच साधने घडवावीत, हा त्यांचा आग्रह होता. डहाणू तालुक्यातला हा विचार चर्चच्या मागच्या एका कौलारू खोलीत आम्हाला मिळाला, आणि तोही आमच्या वाड्यांना साजेल अशा रूपात.

समुद्रावरचे शिंपले आकाराप्रमाणे लावणे, चिंचोक्यांचे पाच-पाचाचे ढीग करणे, ओल्या वाळूत बोटाने वळणे काढणे आणि मोगऱ्याच्या हंगामात घरून आणलेल्या कळ्या दोऱ्यात ओवणे, हा आमचा अभ्यास होता. कळी न चुरगळता ओवायची, तर अंगठा आणि तर्जनी यांना जो संयम लागतो, तोच पुढे पेन्सिल धरताना उपयोगी पडतो, हे मला फार उशिरा, स्वतः शिक्षिका झाल्यावर कळले. वर्ष सरत आल्यावर बाईंनी ‘ग म भ न’ पासून अक्षरे काढायला शिकवले, तेव्हा सरळ रेघ आणि गोलाई यांची हाताला आधीच सवय झालेली होती, त्यामुळे रडारड अशी फारशी झाल्याचे मला आठवत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट भाषेची. वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी सामवेदी ही वसईकडची बोली बोलली जाई, काहींच्या घरी वाडवळी बोली, तर कोळीवाड्यातील मुलांची बोली आणखी निराळी. बाई मुलाचे बोलणे कधी मध्येच तोडत नसत. मूल आपल्या बोलीत सांगे, त्या ते पूर्ण ऐकून घेत आणि मग तेच प्रमाण मराठीत सहज म्हणून दाखवत. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासना लॅटिनऐवजी मराठीत होऊ लागली होती, त्यामुळे चर्चमधील गाणी आणि वाचने ऐकून ती मराठी आमच्या कानावरून गेलेली असे. बालवाडीतील प्रार्थना मात्र अगदी छोटी होती आणि हिंदू घरांतील मुलांवर तिची सक्ती नव्हती.

पुढे जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग मी अनेक वर्षे सांभाळला. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलांना लेखनाचा गृहपाठ देणाऱ्या वर्गांतून आलेली मुले वहीभर अक्षरे काढत, पण चित्र दाखवून ‘काय झाले असेल?’ असे विचारले की गप्प बसत, हा अनुभव मला वारंवार आला आणि प्रत्येक वेळी त्याचे वाईट वाटले. तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा असून त्यात खेळ आणि कृती यांतून शिकणे व्हावे, असे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने म्हटले आहे. आपल्या बाईंनी ते कितीतरी आधी, तुटपुंज्या मानधनावर करून दाखवले होते.

मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा वयाच्या सहा वर्षांपासून लागू होतो. आपल्यासारख्या बालवाडीत त्याआधीच्या वयाला शिकवणारी बाई बरीचशी संस्थेच्या इच्छेवर अवलंबून राहते. म्हणून आपल्या चर्चच्या महोत्सव समितीला माझी कळकळीची विनंती आहे की जमलेल्या निधीतून नवी कमान किंवा सभागृह उभारण्याआधी बालवाडीतील बाईंचे मानधन वाढवावे, त्यांच्या प्रशिक्षणाची तरतूद करावी आणि प्रवेशासाठी कितीही आग्रह झाला तरी एका बाईंना प्रत्येक मुलाचे बोलणे रोज ऐकता येईल, एवढीच मुले वर्गात घ्यावीत. त्यासाठी माझ्या निवृत्तिवेतनातून दरवर्षी जमेल तेवढी रक्कम देण्याची माझी तयारी आहे.