पुरंदरच्या माचीवरचे आजारी गोरे

पुरंदरची ही माझी चौथी खेप. आधी प्रत्येक वेळी मुरारबाजींच्या पुतळ्याला नमस्कार करून थेट बालेकिल्ला गाठायचा, केदारेश्वराचं दर्शन घ्यायचं आणि उतरायचं, एवढंच. या वेळी आतेभावाचा गुडघा धरला. मग काय, माचीवरच रेंगाळलो.

सप्टेंबर होता, सोनकी नुकती फुलू लागली होती. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्यामुळे फाटकावर ओळखपत्र दाखवलं, वहीत नाव लिहिलं. फोटो कुठे काढायचे नाहीत हे जवान सांगतात, ते मुकाट ऐकावं.

बिनी दरवाजा ओलांडला की चर्च लागतं. पुढे माचीभर इंग्रजी अमदानीतल्या इमारती आणि त्यांचे पडके अवशेष. 1665चा तह, शंभूराजांचा जन्म, सवाई माधवरावांचा जन्म एवढं डोक्यात घेऊन येणाऱ्या आपल्यासारख्यांना ही अडगळच वाटते. मलाही वाटायची.

1818मध्ये किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि पुढे त्यांनी इथे आजारी गोऱ्या सैनिकांसाठी आरोग्यधाम केलं. गरज तशीच होती. हिंदुस्थानातल्या गोऱ्या फौजेबद्दलच्या 1863च्या शाही आयोगाच्या अहवालात मृत्यूचं प्रमाण वर्षाला हजारी 69 दिलं आहे. त्यातले बहुतेक लढाईत नाही, तर ताप, हगवण आणि यकृताच्या दुखण्यांनी गेलेले. त्या काळी डॉक्टरांची समजूत अशी, की दलदलीतून उठणारी दूषित हवा ताप आणते. म्हणून माणसाला उंचावर न्यायचं, मोठ्या खिडक्यांच्या, उंच छताच्या खोलीत ठेवायचं. डासाचा गुन्हा रोनाल्ड रॉस यांनी सिकंदराबादेत पकडला तो 1897मध्ये. निदान चुकलं होतं, पण उतारा बऱ्यापैकी लागू पडत होता. वर गार हवेत डासच कमी!

एका पडक्या भिंतीला टेकून बसलो. खिडकीच्या भगदाडातून धुकं आत येत होतं, पलीकडचा वज्रगड कधी दिसे, कधी नाहीसा होई. कुठल्याशा इंग्रजी खेड्यातला विशीतला पोरगा इथे तापातून उठून बसला असेल. त्याला मुरारबाजी कोण हे कुणी सांगितलं असेल का? नसावं.

दुसऱ्या महायुद्धात इथे जर्मन नागरिकांना नजरकैदेत ठेवलं होतं. त्यात हिटलरच्या छळातून निसटून हिंदुस्थानात आलेले ज्यूही होते. जर्मन पासपोर्ट, म्हणून शत्रू. हे कळल्यावर आतेभाऊ बराच वेळ गप्पच झाला.

पाचच्या आत उतरायचं म्हणून जवानाने शिट्टी वाजवली. खाली नारायणपुरात टपरीवर गरम कांदाभजी घेतली. पहिला घास तोंडात जातो न जातो, तोच घोट्याला डास चावला.